कर्करोगाचे उपचार आणि त्यामागची टीम: नाशिक परिसरातून वारंवार येणारे प्रश्न

कर्करोग विभागात समन्वयक म्हणून काम करताना फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि ओपीडीच्या बाकावर मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. विचारणारे सिन्नरचे असतात, निफाडचे, मालेगावचे, पार सुरगाण्याचेही. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे आधी आणि अवघड नंतर. ज्यांच्या घरात आत्ता केमो सुरू आहे, त्यांनी आधी प्रश्न ११ वाचावा, मग बाकीचं.

१. कॅन्सरची शंका आहे. नेमकं कोणाकडे जायचं? केमोवाले डॉक्टर, ऑपरेशनवाले की लाइटवाले?

तिघंही कर्करोगतज्ज्ञच, पण त्यांची हत्यारं वेगळी. सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट ऑपरेशन करतात. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे 'लाइट देणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट औषधांनी उपचार करतात: केमो, हार्मोनच्या गोळ्या, टार्गेटेड औषधं, इम्युनोथेरपी. पहिल्यांदा यांपैकी कोणाकडेही गेलात तरी चालेल. मात्र ते बाकीच्या दोघांशी बोलून उपचार ठरवतात का, हे त्याच भेटीत विचारा. नुसती गाठ असेल, कॅन्सरचं निदान झालेलं नसेल, तर आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करायला हरकत नाही. गाठ कापायची घाई मात्र नको (प्रश्न ४).

२. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं सगळे म्हणतात. बायोप्सी टाळता येईल का?

नाही. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि असला तर कोणत्या जातीचा, हे कळत नाही. त्याशिवाय केमो सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीने आजार पसरत नाही. हा समज पडण्याचं कारण असं की बरेच पेशंट बायोप्सीला येतात तेव्हाच आजार पुढे गेलेला असतो आणि दोष सुईला मिळतो. काही ठिकाणी, उदाहरणार्थ अंडकोषाच्या गाठीत, सुई लावत नाहीत. त्या जागा तज्ज्ञांना माहीत असतात.

३. 'तुमची केस ट्यूमर बोर्डात ठेवू' असं सांगितलं. म्हणजे काय? आमची केस हाताबाहेर गेली आहे का?

उलट, ही चांगली गोष्ट आहे. ट्यूमर बोर्ड म्हणजे वर सांगितलेले तिघं, शिवाय रेडिऑलॉजिस्ट (स्कॅन वाचणारे) आणि पॅथॉलॉजिस्ट (तुकडा तपासणारे), एका टेबलाशी बसतात. स्कॅन पडद्यावर लावतात, स्लाइड बघतात आणि उपचाराचा क्रम ठरवतात. गरजेप्रमाणे आहारतज्ज्ञ, दंतवैद्य, समुपदेशक, वेदनाशमनाचे डॉक्टर यांनाही बोलावतात.

दंतवैद्य कशाला, असं बरेच जण विचारतात. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन दिल्यानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर किडका दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून खराब दात आधी काढून, जखम भरायला दहा-पंधरा दिवस देऊन मग रेडिएशन सुरू करतात. एकट्या डॉक्टरच्या धावपळीत अशी गोष्ट निसटते. टेबलाभोवती सात जण असले की कोणाला तरी आठवते.

पेशंट सहसा आत बसत नाही, पण काय ठरलं आणि का ठरलं हे समजून घेण्याचा तुमचा हक्क आहे. बोर्डाचा लेखी निर्णय फाइलला लावून मागा. दोन मतं निघाली असतील तर तेही मोकळेपणाने विचारा. मतभेद झाले म्हणून डॉक्टर कच्चे ठरत नाहीत.

४. गाठ दिसतेय, मग लगेच काढून का टाकत नाही? केमो आधी देऊन वेळ का घालवता?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच झालेलं बघते. उपचार तेच असले तरी त्यांचा क्रम चुकला तर निकाल बदलतो.

स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये आधी केमो दिली की गाठ आक्रसते, पूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांसमोर दिसतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन-केमो दिल्याने बऱ्याचदा शौचाची नैसर्गिक वाट वाचते. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन-केमोने अनेकांचा आवाज वाचवता येतो. लिम्फोमात (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) गाठ काढणं हा उपचारच नाही, तिथे औषधच काम करतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये याच्या उलट: ऑपरेशन शक्य असेल तर साधारणपणे तेच आधी, आणि पुढे रेडिएशन लागणार असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं.

एका ताईंची गाठ गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात भूल देऊन 'साधी गाठ' म्हणून काढली. बायोप्सी आधी केली नव्हती. काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवला आणि टाकून दिला. सहा महिन्यांनी त्याच जागी गाठ परत आली तेव्हा त्या आमच्याकडे पोचल्या. पहिल्या वेळी आजार कोणत्या जातीचा होता, किती होता, कडा मोकळ्या होत्या का (म्हणजे तुकड्याच्या काठापर्यंत कॅन्सर पोचला नव्हता ना), हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून हात जोडून सांगते: कुठलीही गाठ कुठेही काढा, पण काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. तोही १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ठेवलेला तुकडा पुढच्या तपासण्यांना नीट उपयोगी पडत नाही.

५. बायोप्सीचा रिपोर्ट 'कॅन्सर आहे' असा आला. तरी अजून आठ-दहा दिवस थांबा म्हणतात. का?

कारण 'कॅन्सर आहे' एवढ्यावर औषध ठरत नाही. आयएचसी नावाच्या तपासणीत पेशींवरच्या खुणा बघतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तीन. हर-टू '२ प्लस' आला तर ते ना हो, ना नाही, म्हणून फिश नावाची आणखी एक तपासणी लागते आणि अजून काही दिवस जातात. हे दिवस घरच्यांना युगासारखे वाटतात, मला कल्पना आहे. पण चुकीच्या औषधाने केलेल्या सुरुवातीपेक्षा हा उशीर परवडतो. ब्लड कॅन्सर किंवा वेगाने वाढणारा आजार असेल तर डॉक्टर स्वतःच घाई करतात.

ग्रेड आणि स्टेज यांचा गोंधळ होतो, म्हणून इथेच सांगते. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते. 'ग्रेड तीन' म्हणजे 'तिसरी स्टेज' नव्हे.

६. पहिल्या भेटीला काय काय आणायचं?

सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, स्कॅनची सीडी (फक्त कागद नको), बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, चालू गोळ्यांची पाकिटं, रेशन कार्ड आणि आधार. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा. ज्या लॅबने तपासला तिथून तो रीतसर मागून घेता येतो. शुगर, बीपी, हार्टचे जुने कागद 'त्याचा काय संबंध' म्हणून घरी ठेवू नका.

७. नाशिकमध्ये करायचं की मुंबईला टाटाला जायचं?

दोन्ही जमतं, आणि एक निवडलं म्हणजे दुसऱ्याचं दार बंद होतं असं नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं आहे, त्याचा अनुभव मोठा आहे आणि गर्दीही तशीच. दुर्मिळ कॅन्सर, हाडाचे कॅन्सर, लहान मुलांचे कॅन्सर, गुंतागुंतीची ऑपरेशनं यांत तिथलं मत जरूर घ्या. पण स्तन, तोंड, गर्भाशयमुख, आतडं अशा नेहमीच्या कॅन्सरचे ठरलेले उपचार नाशिकमध्ये होतात, सरकारी व्यवस्थेत शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही. देशभरातली कर्करोग केंद्रं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडली आहेत. उपचार सगळीकडे सारख्या दर्जाचे व्हावेत, हाच त्यामागचा हेतू.

केमो दर तीन आठवड्यांनी, कधी दर आठवड्याला असते. रेडिएशन रोज, कित्येक आठवडे. पंचवटी एक्सप्रेसने जाऊन-येऊन हे निभत नाही. परळच्या फुटपाथवर राहून केमो घेणारी माणसं मी पाहिली आहेत. माझं मत विचाराल तर योजना मोठ्या केंद्रात तपासून घ्या, शक्य तितके उपचार घराजवळ घ्या. आणि रात्री अकराला ताप आला तर (प्रश्न ११) घराजवळचं हॉस्पिटलच उपयोगी पडतं.

मुंबईला जावंच लागलं तर हॉस्पिटलच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर रेल्वेत कर्करुग्णाला सवलत मिळते: सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण. सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे.

८. खर्च झेपणार नाही. योजनेत बसेल का? आमचं कार्ड पांढरं आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. ७० वर्षांपुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून भरती झाल्यावर पैसे भरून मग चौकशी करू नका, आधी हॉस्पिटलमधल्या 'आरोग्यमित्र' (योजनेचा मदतनीस) लिहिलेल्या टेबलावर जा. हेल्पलाइन १५५३८८.

एक अडचण खरी आहे: सगळी नवीन, महागडी औषधं योजनेत बसत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की योजनेतलं औषध आणि बाहेरचं औषध यांत माझ्या आजारात फरक किती पडेल. कधी फार पडतो, कधी अगदी थोडा. शेत गहाण टाकण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पैशांचं बोलायला संकोचू नका, ट्यूमर बोर्डातही त्याचा विचार होतो.

९. पहाटे निघून केमोला आलो आणि 'पेशी कमी आहेत' म्हणून परत पाठवलं. आता कॅन्सर वाढेल का?

आठवडाभराच्या उशिराने सहसा बिघडत नाही. पेशी कमी असताना दिलेली केमो जीवावर बेतू शकते. तुमची फेरी वाचावी म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) आदल्या दिवशी गावाकडेच करून रिपोर्ट पाठवा. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते केमोनंतर किमान २४ तासांनी घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं (फ्रीजरमध्ये नाही), नेताना बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. त्यानंतर कंबर आणि हाडं ठणकतात. घाबरू नका.

१०. केस जाणारच का?

औषधावर अवलंबून आहे. काहींनी सगळे जातात, काहींनी विरळ होतात, काहींनी जात नाहीत. गेलेले केस केमो संपल्यावर जवळजवळ सगळ्यांचे परत येतात.

११. केमो झाल्यावर आठ-दहा दिवसांनी रात्री ताप आला. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबलो तर चालेल?

नाही. चालणार नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. लढायला सैन्यच नसतं, म्हणून पू होत नाही, सूज येत नाही. ताप ही एकच खूण असते, आणि क्रोसिन ती पुसून टाकते. सकाळपर्यंत बीपी कोसळलेलं असू शकतं.

घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा थंडी वाजून हुडहुडी (तापमान कितीही असो) दिसली की लगेच हॉस्पिटल गाठा, पोचण्याआधी फोन करा. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं आमचं लक्ष्य असतं.

सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांसाठी: गाडी मिळायला वेळ लागणार असेल तर १०८ लावा, किंवा जवळच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात जा आणि 'केमो सुरू आहे, पेशी कमी असतील' हे पहिलं वाक्य बोला. तिथल्या डॉक्टरांचं आमच्याशी फोनवर बोलणं करून द्या. पहिलं अँटिबायोटिक तिथेच मिळू शकतं. कंबरेत इंजेक्शन घेऊ नका; प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. केमो कार्ड (तुमच्या केमोची नोंद असलेलं) पाकिटात ठेवा, कपाटात नाही.

रात्री फोन करताना लोक म्हणतात, 'तुम्हाला त्रास देतोय.' तो त्रास नाही. आम्हाला खरं दुःख होतं ते सकाळी आलेल्या फोनचं.

१२. काय खायचं? साखर बंद करायची का? आणि द्राक्षं चालतात का?

साखर सोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही, पेशंट मात्र खंगतो. वजन टिकवणं महत्त्वाचं. अंडी, डाळ, पिठलं, दही, शेंगदाणे, नाचणीची आंबील, चालत असेल तर मासे-चिकन. एका वेळी भरपेट जात नसेल तर दोन-दोन तासांनी थोडं थोडं. तोंड आलेलं असेल तेव्हा मिसळ नको, मऊ भात आणि साधं वरण बरं. पेशी कमी असतील त्या दिवसांत उघड्यावरचा रस, पाणीपुरी, कच्ची मोड आलेली कडधान्यं टाळा.

द्राक्षांचं सविस्तर सांगते, कारण हा गोंधळ मी आपल्याच जिल्ह्यात बघितला. काही गोळ्यांच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट खाऊ नये' असं छापलेलं असतं. त्याचं मराठी कोणीतरी 'द्राक्ष' असं केलं आणि बागायतदाराच्या घरातल्या माणसाने भर हंगामात द्राक्षं सोडली. ग्रेपफ्रूट हे मोसंबीच्या कुळातलं, पपनसासारखं फळ आहे. ते आणि पपनससुद्धा इमॅटिनिबसारख्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. ती दोन टाळा. द्राक्षं वाहत्या पाण्यात नीट चोळून धुऊन खुशाल खा.

१३. घरात लहान नातवंडं आहेत. केमो घेतलेल्या माणसाजवळ जाऊ द्यायचं का?

जाऊ द्या, मांडीवर बसू द्या. कॅन्सर संसर्गजन्य नाही, ताट-वाटी वेगळी करायचं कारण नाही. केमोनंतर ४८ तास लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला आणि संडासात दोनदा पाणी सोडा, एवढं पुरे. उलट नातवंडाला सर्दी-ताप, कांजिण्या असतील तर आजोबांना त्याच्यापासून जपा. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषध टोचतात, म्हणून त्या दिवशी मात्र काही तास लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर ठेवतात. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने अंगात किरण उरत नाहीत.

१४. सलाइन नाही, नुसत्या गोळ्या दिल्या आहेत. म्हणजे ही साधी केमो ना?

गोळी आहे म्हणून ती सौम्य ठरत नाही. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, जुलाब लागतात. ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची आणि बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी. अॅबिरॅटेरोन (प्रोस्टेट कॅन्सरची गोळी) रिकाम्या पोटी, इमॅटिनिब जेवणासोबत. यात आपल्या मनाने अदलाबदल नको. डोस चुकला तर दुप्पट घेऊ नका. तापाचा नियम (प्रश्न ११) केमोच्या गोळ्यांनाही लागू आहे.

१५. द्राक्ष काढणी ऐन भरात आहे. केमोची एक सायकल (फेरी) पुढे ढकलली तर?

कोणता कॅन्सर आणि कशासाठी केमो, यावर आहे. बरा होण्यासाठी दिलेल्या केमोचं वेळापत्रक पाळलंच पाहिजे. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असेल तर दोन-चार दिवस मागेपुढे करता येतात. लग्न असो, काढणी असो, आधी सांगा. तारखा जुळवायचा आम्ही प्रयत्न करतो. न सांगता गैरहजर राहिलात तर आमच्या हातात काही राहत नाही. केमो सुरू असताना फवारणी स्वतः करू नका. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत जाण्याआधीही आपल्या पेशी किती आहेत ते विचारा.

१६. सोबत आयुर्वेदिक काढा, भस्म घेतलं तर?

जे घेताय ते आणून दाखवा, आम्ही रागावणार नाही. भाजी-आमटीतली हळद चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, निनावी पुड्या आणि भस्मं केमोबरोबर नकोत. लिव्हर बिघडलं तर केमोमुळे की पुडीमुळे हे कळत नाही आणि उपयोगी औषध थांबवावं लागतं.

१७. बाबांना काही सांगू नका, ते खचतील. फक्त आमच्याशी बोला.

ही विनंती जवळजवळ रोज येते आणि ती मायेपोटी असते. पण बाबांना बऱ्याचदा माहीत असतं. कॅन्सर विभागाची पाटी त्यांनीही वाचलेली असते. मुलं खचतील म्हणून तेही गप्प राहतात आणि घरात दोन्हीकडून नाटक सुरू होतं. आम्ही आधी त्यांनाच विचारतो: 'काका, तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की मुलाशी बोलू?' काही जण खरोखर म्हणतात, पोराला सांगा. ते आम्ही पाळतो. विचारलं तर खोटं मात्र बोलत नाही. आणि केमोच्या संमतीपत्रावर सही त्यांची लागते.

१८. माझं वय २६ आहे. नंतर मूल होईल का?

हा प्रश्न पहिल्या डोसच्या आधी विचारा, नंतर उशीर होतो. पुरुषांना वीर्य गोठवून ठेवता येतं, एक-दोन दिवसांचं काम. स्त्रियांना बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढी सवड आहे का हे टीम ठरवते. उपचार चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही.

१९. इम्युनोथेरपीला साइड इफेक्ट नसतात म्हणे. आम्हाला तीच द्या.

प्रत्येक कॅन्सरला ती लागू पडत नाही, त्यासाठी तपासण्या असतात. आणि तिचे परिणाम वेगळे: जागी झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर चालून जाते, कधी औषध थांबल्यावर महिन्यांनीसुद्धा. जुलाब किंवा धाप लागली तर गावच्या डॉक्टरांना 'इम्युनोथेरपी घेतली आहे' हे सांगाच.

किमतीबद्दल एक आशेची गोष्ट. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅम डोस, कमी ताकदीच्या गोळ्यांबरोबर देऊन पाहिला. नेहमीचा डोस २४० असतो. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष त्या आजारापुरते आहेत, पण आपल्यासाठी ते लागू होतं का हे विचारायला हवं.

२०. आई ७८ वर्षांची आहे. तिला केमो झेपेल?

नुसत्या वयावरून ठरवत नाही. ती स्वतः चालते का, पडते का, जेवते किती, किडनी-हार्ट कसं आहे, किती गोळ्या घेते, घरी कोण आहे, हे बघतो. कधी कमी डोस आठवड्याला विभागून देतो, कधी फक्त हार्मोनची गोळी. आणि आजीला स्वतःला काय हवंय, तेही विचारतो.

२१. डॉक्टर म्हणाले 'आता केमो नको' आणि मॉर्फिन लिहून दिलं. म्हणजे आम्हाला सोडून दिलं का?

नाही. केमोने आता फायद्यापेक्षा त्रास जास्त होईल, एवढाच त्याचा अर्थ. टीम तीच राहते, पुढे येतात ते वेदनाशमनाचे डॉक्टर आणि परिचारिका. खरं तर त्यांची भेट आजार पुढचा असेल तर सुरुवातीपासूनच घ्यावी, केमोबरोबर.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही आणि त्याने मरण लवकर येत नाही. साधी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून परवाने सोपे झाले, तरी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. तेव्हा शेवटच्या पाच गोळ्या उरायच्या आत आम्हाला कळवा. धाप, मळमळ, झोप न येणं, खाटेवरच्या जखमा, या सगळ्यांवर घरच्या घरी करण्यासारखं बरंच असतं आणि ते आम्ही फोनवरही शिकवतो. फोन नंबर तोच आहे, जो पहिल्या दिवशी फाइलच्या कव्हरवर लिहून दिला होता.